एक टक्का

सात तारखेला पगार.
म्हणून सहाला रात्री साडेआठपर्यंत मी बालेवाडीच्या ऑफिसात.
खाली मैदानावर पाण्याचे फवारे टिकटिकत फिरतात
आणि माझ्या पडद्यावर सव्वीस नावं.
मूळ पगार, टीडीएस, मेसचे पैसे,
आणि यंदापासून शेवटी एक अरुंद रकाना:
एक टक्का.

फॉर्म मीच वाटले होते, ड्रेसिंग रूमच्या दाराशी,
स्प्रेच्या आणि ओल्या मोज्यांच्या वासात.
स्ट्रायकरने न वाचताच सही ठोकली, कानात गाणं.
मिझोरामच्या लालरिनोमाने एकेक ओळ बोटाने वाचली.
अर्धा पगार तो घरी धाडतो, हे मला ठाऊक.
"मॅडम, उरलेल्याचा टक्का, की सगळ्याचा?"
सगळ्याचा, म्हटलं.
तो जरा थांबला, छातीवर आलेला चेंडू
पायाशी उतरवताना थांबतात तेवढाच,
आणि सही केली.
कॅप्टन म्हणाला, नंतर बघू.
त्याचं नंतर अजून चालूच आहे.

विन्सेंट आरोग्यसामी, खडकीचा.
तिसरा गोलकीपर.
अख्ख्या हंगामात मैदानावर शून्य मिनिटं,
हातमोजे मात्र दर सामन्याआधी धुतलेले.
त्याने विचारलं,
"न खेळलेल्या मॅचचाही कापता का?"
पगार बसण्याचाही असतो, मी म्हटलं,
आणि जीभ चावली.
तो हसला. "मग कापा.
बाकावर बसल्याचं काहीतरी
कुणाच्या तरी पायात जाऊ दे."

डिसेंबरात समारंभ झाला.
थर्माकोलचा चेक, दाराएवढा,
त्याला धरायला स्ट्रायकर, कॅप्टन (हो, तोही)
आणि हार घातलेले दोन पाहुणे.
खरे पैसे मी त्याच दुपारी तीनला पाठवले होते,
ओटीपी दोनदा चुकून,
चहावर साय धरेपर्यंत.
तो चेक आता माझ्या कपाटामागे उभा आहे,
कपाटात मावत नाही, फेकायला कुणी सांगत नाही.
झाडताना त्याच्यावरची शून्यं
एकेक करून गळतात.

बोपोडीच्या मैदानावर बूट वाटायला मलाच पाठवलं,
पावत्यांसाठी.
बत्तीस मुली, धुळीत रांग,
पलीकडून लोणावळा गाडी गेली की सगळ्या हात हलवायच्या.
रुक्सार नावाच्या एकीचा पाय चार नंबरचा.
तिने सहा नंबरचे उचलले,
पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले
आणि धावून दाखवलं, फताडं, बदकासारखं.
अगं, बसत नाहीत तुला.
"बसतील की," म्हणाली. "पुढच्या वर्षी कोण देणारे?"
या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नव्हता.

त्या रात्री घरी मी माझाही टक्का काढून पाहिला.
तीनशे वीस रुपये.
कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला.
अजून तिथेच आहे, तेलाचा डाग पडलाय.

मे महिन्यात करार संपले.
स्ट्रायकर दुसऱ्या शहरात गेला, जास्त पैशांवर;
तिथे असा रकाना आहे की नाही, मला माहीत नाही.
विन्सेंटला नवा करार मिळाला नाही.
शेवटचा हिशेब घ्यायला तो आला
तेव्हा हातमोजे पिशवीत होते, कोरडे.
अठरा हजार सातशे पन्नास.
मी म्हटलं, आता फॉर्म लागू नाही तुला,
खूण काढून टाकते.
तो खिडकीतून खाली फवाऱ्यांकडे बघत होता.
"राहू द्या," म्हणाला,
"सवय झालीये."

एकशे सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैसे.
रक्कम पूर्ण रुपयात करायची, असा नियम आहे.
वीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता.
पन्नास पैसे तसेच ठेवले.
ऑडिटर विचारील.
विचारू दे.